एका मापाचीं अक्षरें

‘अक्षर’ या शब्दाची व्युत्पत्ति आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. ज्याचा क्षय होत नाहीं तें अक्षर. परंतु कागदावर उतरलेल्या अक्षराला देह असतो, आणि देह आला म्हणजे जागा आली. कोणत्या अक्षरानें किती जागा घ्यावी, हा प्रश्न लिहिणाऱ्याला सहसा पडत नाहीं. तो पडतो खिळे पाडणाऱ्या कारागिराला, छापखान्यांतील जुळाऱ्याला आणि यंत्र बनविणाऱ्याला. त्या प्रश्नाच्या एका विलक्षण उत्तराची ही हकीकत आहे. तें उत्तर असें: अक्षर अंगानें लठ्ठ असो वा सडपातळ, प्रत्येकाला अगदीं सारखीच जागा द्यावयाची.

असलीं अक्षरें पुष्कळ सुशिक्षित घरांत आज आहेत. मात्र तिकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. श्रोत्यांनीं कपाटांतील पासपोर्ट काढून छायाचित्राच्या पानाचा तळ पाहावा. तेथें रोमन अक्षरांच्या आणि अंकांच्या दोन लांब ओळी आढळतील. नांव, क्रमांक, जन्मतारीख असें बरेंचसें तेथें पुन्हां एकदां छापलेलें असतें, आणि मधूनमधून टोकदार कोनासारख्या खुणांची रांग लागलेली असते. वरच्या ओळींतील पांचव्या अक्षराखालीं खालच्या ओळींतील पांचवें, चाळिसाव्याखालीं चाळिसावें, असें सर्व कांहीं ओळंब्यांत उतरलेलें दिसतें. काडीएवढ्या ‘आय’ला आणि ऐसपैस ‘एम’ला तेथें एकच माप लागू आहे. शिवाय पुस्तकांतील रोमन अक्षरांच्या टोकांना जे नाजूक पाय फुटलेले असतात, ते येथें जवळजवळ नाहींत. रेघा सरळ, सारख्या जाडीच्या आणि निरलंकार आहेत. मुद्रणाच्या व्यवसायांत त्या पायाला सेरिफ म्हणतात, आणि तो गाळलेल्या वळणाला सॅन्स सेरिफ. ज्यांतील प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, त्या वळणाला मोनोस्पेस असें नांव आहे. मराठींत त्याला समरुंद म्हणतां येईल. हें समरुंद आणि निरलंकार वळण कोठून आलें, तें कशाकरितां लागतें आणि तें घडविणें इतकें अवघड कां, हें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सर्वांना जागा सारखी दिली, कीं प्रत्येकाचें रूप वेगळें राखण्याची जबाबदारी वाढते.

मुळांत अक्षरांची रुंदी सारखी नसते. देवनागरींत ‘र’ लहानशा जागेंत मावतो; ‘ख’ किंवा ‘क्ष’ यांना त्याहून पुष्कळच अधिक जागा लागते. हातानें लिहितांना लेखणी हा भेद आपोआप पाळते. शिशाचे खिळे पाडून छपाई सुरू झाली तेव्हां कारागिरांनींही तोच न्याय चालू ठेवला. खिळ्यांची उंची सर्वांची एक, पण रुंदी ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणें. ‘निर्णयसागर’च्या खिळ्यांनीं छापलेले संस्कृत ग्रंथ डोळ्यांना गोड वाटतात त्याचें एक कारण हेंच, कीं तेथें कोणतेंही अक्षर चेंगरलेलें नाहीं, किंवा मोकळ्या मैदानांत एकटें उभें राहिलेलें नाहीं. सराईत वाचकाचा डोळा एकेका अक्षरावर अडत नाहीं. तो शब्दच्या शब्द उचलीत जातो, आणि त्या कामीं अक्षरांची ही नैसर्गिक रुंदी त्याला साह्य करते.

याला जुन्या छापखान्यांतही एक अपवाद होता, तो अंकांचा. अंकांचे खिळे बहुधा एकाच रुंदीचे पाडीत. कारण उघड आहे: अंकांचा अर्थच मुळीं स्थानावर अवलंबून असतो. एकं, दहं, शतं, सहस्र हीं घरें एकाखालीं एक आलीं नाहींत तर बेरीज चुकावयाचीच. पंचांगांतील कोष्टकें, रेल्वेचें वेळापत्रक, पेढीवरचा जमाखर्च, या सर्वांचा आधार हाच. म्हणजे समान रुंदीची कल्पना यंत्राबरोबर जन्मली असें नव्हे; जेथें स्थानाला अर्थ आहे, तेथें ती पूर्वींपासून होतीच. यंत्रानें ती अंकांपुरती न ठेवतां साऱ्या वर्णमालेला लागू केली, इतकेंच.

हें यंत्र म्हणजे टंकलेखनयंत्र. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं क्रिस्टोफर लॅथम शोल्स यानें सहकाऱ्यांसह त्याचें पेटंट १८६८ सालीं मिळविलें, आणि १८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें तें बाजारांत आणिलें. या यंत्राची रचना समजली कीं समरुंद अक्षरांचें कारण वेगळें सांगावें लागत नाहीं. पुढें जें यंत्र घरोघर आणि कचेरींकचेरींत रूढ झालें, त्यांत कळ दाबली म्हणजे एक दांडी उसळून शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर अक्षर उमटे. लगेच कागद धरणारा गाडा एक पाऊल डावीकडे सरके. या गाड्याला स्प्रिंग सतत ओढीत असे, आणि दांतेरी पट्टींत अडकलेली एक खिटी त्याला रोखून धरी. अक्षर उमटलें कीं खिटी एक दांता सोडी आणि पुढच्या दांत्यांत पुन्हां बसे. पट्टीचे दांते सारख्या अंतरावर कापलेले; म्हणून ‘आय’ छापा कीं ‘एम’ छापा, गाडा तेवढाच सरकणार. इंचाला दहा अक्षरें हें एक माप रूढ झालें, त्याला पायका म्हणत. बारा अक्षरें बसविणाऱ्या मापाला एलिट म्हणत.

आतां ‘आय’ला त्याच्या गरजेपेक्षां कितीतरी अधिक जागा मिळाली, आणि ‘एम’ला कितीतरी कमी. टंकाचें वळण घडविणाऱ्यांनीं यावर तोड काढली ती सेरिफची. ‘आय’च्या माथ्याला आणि तळाला रुंद आडव्या पट्ट्या दिल्या, रिकामी जागा भरून निघाली. ‘एम’चे तिन्ही पाय जवळ ओढून घेतले. अशा रीतीनें लठ्ठाला आवळून आणि सडपातळाला अंगरखा घालून सर्वांना एका रांगेंत बसविण्यांत आलें. फायदे लगोलग दिसून आले. आंकड्यांचीं कोष्टकें विनासायास सरळ उतरूं लागलीं. एका ओळींत किती अक्षरें मावतील हें मोजून सांगतां येऊं लागलें. चुकलेलें अक्षर खोडून त्याच जागीं दुसरें बसवावें, तर शेजारचीं अक्षरें हलवावीं लागत नसत.

परंतु त्याच वेळीं एक बारीकशी काटकसरही रूढ झाली. कळा मोजक्या असल्यामुळें जुन्या पुष्कळशा यंत्रांत ‘१’ची कळच ठेवीत नसत, त्याऐवजीं लहान लिपींतील ‘एल’ वापरावा, अशी रीत होती. कांहीं यंत्रांत शून्यालाही फाटा देऊन मोठ्या ‘ओ’वर काम भागवीत. वाचणारा माणूस होता म्हणून तें चालून गेलें. माणूस संदर्भ पाहतो. रकमेंत ‘ओ’ दिसला तर तो मनांतल्या मनांत शून्य वाचतो आणि पुढें जातो. पुढें वाचणारें यंत्र निघालें तेव्हां या मेहरबानीची किंमत कळून आली.

देवनागरीच्या वाट्याला ही शिस्त आली तेव्हां मोठीच ओढाताण झाली. येथें मात्रा माथ्यावर, उकार पायाशीं, आणि जोडाक्षरें शेंकड्यांनीं. इतक्या कळा कोणत्या यंत्रांत मावणार? तेव्हां अक्षरांचे तुकडे करण्याचा मार्ग पत्करावा लागला. ‘घ’, ‘ण’, ‘ध’, ‘भ’, ‘श’ अशा अक्षरांचा काना सोडवून अर्धें अक्षर एका कळेवर ठेवलें आणि काना दुसरीवर. अर्धा ‘भ’ छापावा, मग काना छापावा, तेव्हां कोठें पूर्ण ‘भ’ उभा राही. मात्रा आणि उकार यांच्या कळा गाडा न सरकवितां जागच्या जागीं उमटत. कचेऱ्यांचीं कामें त्यावर झालीं आणि चांगलीं झालीं. परंतु अक्षरांचें वळण चेंगरलें, आणि सलग वाहणारी शिरोरेषा घराघरांच्या सांध्यावर उसवलेली दिसूं लागली. संगणकाच्या युगांत हें बंधन सुटलें. युनिकोड या जागतिक संकेतांत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान मिळालें, आणि कोणती कळ दाबली यावरून अक्षराची रुंदी ठरण्याचें कारण उरलें नाहीं. ‘र’ पुन्हां सडपातळ झाला. यावरून समरुंद वळणाची एक मर्यादा स्पष्ट होते. ज्या लिपींत एकेक चिन्ह सुटें उभें राहतें, तिला तें मानवतें. जेथें अक्षरें एकमेकांत मिसळून नवें रूप घेतात, तेथें तें कष्टानेंच बसतें. म्हणून पुढील हकीकत मुख्यतः रोमन लिपीची आहे.

रोमन लिपींत सेरिफ गाळलेलें वळण खिळ्यांच्या रूपानें प्रथम १८१६ च्या सुमारास इंग्लंडांत दिसलें. लंडनच्या कॅस्लन घराण्यांतील चौथा विल्यम कॅस्लन याच्या ओतशाळेंतील तो नमुना होता. जाहिराती, पाट्या आणि नकाशे यांना तें वळण फार सोयीचें ठरलें. परंतु समरुंद अक्षरांत सेरिफ काढून टाकणें म्हणजे छताखालचा टेकूच काढण्यासारखें होतें. पट्ट्या गेल्या कीं ‘आय’ आपल्या घरांत एकटा पडतो. त्याहून वाईट असें, कीं मोठा ‘आय’, लहान ‘एल’ आणि अंक ‘१’ हे तिघेही एक उभी काडी होऊन बसतात. शून्य आणि ‘ओ’ एकमेकांचे जुळे भाऊ होतात. ‘बी’ आणि ‘८’, ‘एस’ आणि ‘५’ यांच्यांतील अंतर बारीक होतें. नेहमीच्या छपाईंत ‘ओ’ रुंद आणि शून्य अरुंद असल्यामुळें कांहीं भेद राहतो. येथें दोघांना घर सारखेंच, तेव्हां तीही खूण गेली.

यावर चांगल्या कारागिरांनीं जो तोडगा काढला, त्यांतच या वळणाचें सारें मर्म आहे. शोभेचा सेरिफ गाळावा, कामाचा सेरिफ ठेवावा. ‘आय’च्या पट्ट्या ठेवाव्या, कारण त्या काढल्या तर तो ओळखूं येणार नाहीं. लहान ‘एल’ला तळाशीं उजवीकडे वळलेलें शेपूट द्यावें. ‘१’ला माथ्यावर झेंडा आणि जरूर तर पायाखालीं बैठक द्यावी. शून्याच्या पोटांत ठिपका किंवा तिरपी रेघ घालावी, नाहींतर त्याचें वळणच ‘ओ’हून निराळें करावें. ‘एम’चा मधला भाग वरच्या वर थांबवावा, म्हणजे चेंगरलेल्या जागेंत काळोख होत नाहीं. बाकी सर्व रेघा निरलंकार असाव्या. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनींत रॉजर रॉबर्सन यानें १९५६ ते १९६२ या काळांत तयार केलेलें ‘लेटर गॉथिक’ हें या जातीचें एक नांवाजलेलें वळण होय. त्याच कंपनीचें सिलेक्ट्रिक यंत्र १९६१ सालीं निघालें. त्यांत दांड्यांचा जथा जाऊन मोठ्या लिंबाएवढा एक गोळा आला. त्याच्या अंगावर ८८ चिन्हें कोरलेलीं असत. कळ दाबली कीं तो गोळा फिरून व कलून हवें तें चिन्ह कागदासमोर आणी. गोळा बदलला कीं वळण बदलें. तेव्हांपासून वळण ही यंत्राबरोबर कायमची येणारी वस्तु न राहतां कामाप्रमाणें निवडावयाची गोष्ट झाली.

याच सुमारास वाचण्याचें कामही यंत्राकडे जाऊं लागलें, आणि अक्षर कोणासाठीं, डोळ्यासाठीं कीं यंत्रासाठीं, असा नवाच वाद उभा राहिला. पहिली बाजू पाहावयाची असेल तर घरांतील चेकबुक उघडावें. चेकच्या तळाशीं कांहीं ठिकाणीं जाड, कांहीं ठिकाणीं बारीक असे जे चमत्कारिक अंक असतात, ते अमेरिकेंतील बँकांसाठीं १९५० नंतरच्या दशकांत तयार झाले. इंचाला आठ या मापानें ते छापतात. शाईंत चुंबकीय द्रव्य असतें. अंक यंत्राखालून जातांना त्याच्या जाडीबारकीप्रमाणें विजेची लाट उमटते, आणि त्या लाटेवरून यंत्र अंक ओळखतें. त्यांतील नऊ आंकडी संकेतांकांत पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे पहिले तीन ४००. हे अंक यंत्राला सुबोध आणि डोळ्याला बेढब आहेत. दहा अंक आणि चार खुणा, एवढाच तो संसार असल्यामुळें तें खपून गेलें. परंतु १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘ओ.सी.आर.-ए’ या नांवानें सगळी वर्णमालाच यंत्राच्या सोयीनें कोनाकोनांची घडविण्यांत आली, तेव्हां तिचें वाचन माणसाला शिक्षेसारखें वाटूं लागलें.

युरोपांतील संगणक बनविणाऱ्या कंपन्यांचा संघ १९६१ सालीं स्थापन झाला होता. त्यानें निराळी वाट धरली आणि ‘ओ.सी.आर.-बी’ या वळणाचें काम एड्रियन फ्रुटिगर याच्याकडे दिलें. फ्रुटिगर हा मूळचा स्वित्झर्लंडचा. त्याचा काळ १९२८ ते २०१५. पॅरिसला राहून त्यानें ‘युनिव्हर्स’ हें प्रसिद्ध सॅन्स सेरिफ वळण घडविलें, तें १९५७ सालीं बाहेर पडलें. पुढें पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरील पाट्यांचें अक्षरही त्यानेंच केलें. यंत्राला वाचतां आलें पाहिजे, पण माणसाला तें परकें वाटतां कामा नये, ही त्याच्यापुढील अट. कामाची पद्धति पाहण्यासारखी होती. एका अक्षरावर दुसरें अक्षर ठेवून पाहावयाचें: दोहोंत समान भाग किती, आणि वेगळा भाग किती उरतो? वेगळा भाग थोडा उरला, तर शाई पसरली किंवा फिकी पडली कीं यंत्र फसणार. तेव्हां तेवढ्याच जागेंत कोठें वळण बदलून, कोठें रेघ वाढवून भेद मोठा करावयाचा. पण इतकाही नव्हे, कीं ‘बी’ हा ‘बी’ वाटेनासा व्हावा. एकेका जोडीचा असा निवाडा करीत तें वळण पुरें झालें आणि १९६८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या मूळ आराखड्यांत शून्याच्या पोटांत रेघ किंवा ठिपका नाहीं. ‘ओ’ आणि शून्य यांतील भेद केवळ वळणानें साधला आहे. १९७६ सालीं या वळणाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालें. पासपोर्टाच्या तळाशीं असलेल्या त्या दोन ओळी याच अक्षरांत छापलेल्या असतात.

त्या ओळींचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें ठरविले. त्यांचें पहिलें पुस्तक १९८० सालीं निघालें, आणि यंत्रानें न वाचतां येणारे पासपोर्ट बंद करण्याची अखेरची मुदत २४ नोव्हेंबर २०१५ ही होती. प्रत्येक ओळींत ४४ घरें असतात. इंचाला दहा, म्हणजे टंकलेखनयंत्राचें जुनें पायका मापच येथें टिकून आहे. एका घराला २.५४ मिलिमीटर, आणि ओळीची लांबी सुमारें ११२ मिलिमीटर. वरच्या ओळींत पहिलीं पांच घरें कागदाचा प्रकार आणि देश यांचीं. उरलेलीं ३९ घरें नांवाचीं. आधीं आडनांव, मग दोन कोन, मग स्वतःचें नांव. दोन नांवांच्या मध्यें एक कोन. आणि उरलेल्या घरांत शेवटपर्यंत कोनच कोन. रिकामें घर रिकामें कां सोडीत नाहींत? कोऱ्या कागदावर घर रिकामें आहे कीं छापतांना अक्षर गळलें, हें यंत्राला कळत नाहीं. म्हणून रिकामेपणालाही चिन्ह दिलें. आपल्या पूर्वजांनीं स्थानमूल्याच्या पद्धतींत शून्याकडून जें काम घेतलें, तेंच येथें हा कोन करतो. आणि पुढील गणितांत त्याची किंमतही शून्यच धरलेली आहे.

तें गणित असें. खालच्या ओळींत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांच्या प्रत्येकाच्या शेवटीं एक तपासणीचा अंक असतो. घरांतील अंकांना क्रमानें ७, ३, १, पुन्हां ७, ३, १ यांनीं गुणावयाचें, बेरीज करावयाची, आणि बेरजेच्या एकं स्थानचा अंक घ्यावयाचा. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख तेथें ४७०८१५ अशी लिहितील. गुणाकार २८, २१, ०, ५६, ३ आणि ५; बेरीज ११३; तपासणीचा अंक ३. आतां यंत्रानें ‘८’ला चुकून ‘३’ वाचलें, तर ५६ च्या जागीं २१ येतात, बेरीज ७८ होते, आणि ३ ऐवजीं ८ येतांच चूक उघडी पडते. अक्षरांना ‘ए’ म्हणजे १० पासून ‘झेड’ म्हणजे ३५ पर्यंत किंमती दिल्या आहेत. ‘ओ’ची किंमत २४, तेवढा एक ‘ओ’ शून्य म्हणून वाचला गेला तर ती चूक कोणत्याही घरांत पकडली जाते. तथापि हें गणित सर्वज्ञ नव्हे. ‘ए’ शून्य म्हणून वाचला गेला तर एकं स्थानचा अंक बदलत नाहीं. शेजारशेजारच्या ‘१’ आणि ‘६’ यांची अदलाबदलही त्याच्या हातून निसटते.

आणि मुख्य गोष्ट पुढेंच आहे. वरच्या ओळीला, म्हणजे नांवाच्या ओळीला, तपासणीचा अंकच नाहीं. क्रमांकाला आणि तारखांना गणिताचें कुंपण आहे. माणसाच्या नांवाला तें नाहीं. परक्या देशाच्या सीमेवर, रात्रीच्या प्रवासानें थकलेला मनुष्य काचेच्या खिडकीपुढें उभा राहतो, तेव्हां त्या ओळींतलें त्याचें नांव यंत्राला बरोबर लागतें कीं नाहीं हें अक्षरांच्या रूपावर आणि छपाईच्या स्वच्छतेवर अवलंबून असतें. चिप बसविलेल्या नव्या पासपोर्टांनींही या ओळी निरुपयोगी केलेल्या नाहींत. ती चिप उघडण्याची किल्ली सामान्यतः खालच्या ओळींतील क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांपासूनच तयार होते. ओळ वाचली गेली नाहीं तर पेटी उघडत नाहीं. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं ‘बी’ आणि ‘८’ यांच्यामध्यें जो चिमूटभर भेद राखला गेला, तो आजही असा पदरीं पडतो.

समरुंद वळणाचा दुसरा मोठा आश्रयदाता म्हणजे संगणकाच्या आज्ञा लिहिणारा वर्ग. तेथेंही परंपरा जुनीच आहे. आय.बी.एम. कंपनीनें १९२८ सालीं ८० उभ्या स्तंभांचें भोंकें पाडावयाचें कार्ड काढलें, आणि ओळींत ८० अक्षरें हें माप पुढें पडद्यांवरही येऊन बसलें. आजचा पडदा वाटेल त्या रुंदीचें अक्षर दाखवूं शकतो. सक्ति कोणतीच उरलेली नाहीं. तरीही हा वर्ग आपखुषीनें समरुंद अक्षरच घेतो. कारण त्याच्या लिखाणांत एक स्वल्पविराम गळला किंवा ‘एल’च्या जागीं ‘१’ पडला, तर सारा कारभार अडतो, किंवा न अडतां चुकीचा चालतो, आणि तें अधिक वाईट. शिवाय ओळीच्या आरंभीं किती घरें सोडलीं यालाही तेथें अर्थ असतो. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ सालीं आलेलें लुकास दि ग्रूट याचें ‘कन्सोलास’, किंवा अडोबी कंपनीच्या पॉल हंट यानें २०१२ सालीं केलेलें आणि सर्वांना विनामूल्य मोकळें असलेलें ‘सोर्स कोड प्रो’, हीं या कामाचीं चांगलीं उदाहरणें. शून्याला खूण, ‘एल’ला शेपूट, ‘आय’ला पट्ट्या, हा जुना धडा तेथें तसाच गिरविलेला दिसतो.

एवढे गुण सांगितले म्हणून कोणी कादंबरी किंवा लग्नपत्रिका असल्या वळणांत छापूं नये. त्याला जागा अधिक लागते, आणि लांब मजकुरांत डोळा थकतो. कारण तेथें शब्द सलग न दिसतां अक्षरें सुटींसुटीं चालूं लागतात. जेथें आशय वाचावयाचा तेथें नैसर्गिक रुंदीचें अक्षर हवें. जेथें चिन्हामागून चिन्ह तपासावयाचें, तेथें समरुंद. पानें दोन तऱ्हेचीं आणि वाचनही दोन तऱ्हेचें, हा विवेक सुटला कीं दोन्ही वळणें बदनाम होतात.

वास्तविक प्रत्येक घरांत समरुंद अक्षर घडविण्याचा प्रसंग अधूनमधून येतोच. बँकेचा किंवा परीक्षेचा अर्ज भरतांना कागदावर चौकोनांची रांग असते, आणि एका चौकोनांत एक अक्षर लिहावयाचें असतें. त्या वेळीं लिहिणारा नकळत शोल्सच्या यंत्राचा आणि फ्रुटिगरच्या कलेचा वारसदार होतो. बँकेच्या शाखेचा आय.एफ.एस.सी. संकेतांक ११ चिन्हांचा असतो. पहिलीं चार अक्षरें, आणि पांचव्या घरांत नेहमीं शून्य. तेथें हटकून ‘ओ’ लिहिला जातो. मोटारगाडीच्या १७ चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय चासी क्रमांकांतून ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ हीं अक्षरें मुळांतच हद्दपार केलेलीं आहेत. माणसाचें नांव लिहितांना तसें करतां येत नाहीं. तेथें तीं अक्षरें ठेवूनच भेद राखावा लागतो. म्हणून अशा चौकोनांत मोठा ‘आय’ लिहितांना त्याला वरखालीं पट्टी द्यावी, ‘५’चा माथा स्पष्ट आडवा काढावा, ‘बी’ची पाठ सरळ ठेवावी, आणि एक अक्षर दुसऱ्याच्या चौकोनांत जाऊं देऊं नये. मुलांना अर्ज भरावयास शिकवितांना हें एकदां दाखवून ठेवलें, तर पुढें त्यांच्या नांवाची आणि पैशाची पुष्कळशी वणवण वांचेल.